१३ व्या वर्षी टायमिंग अडकलंय, आणि लेडेकी १५ व्या वर्षी गोल्ड घेऊन गेली : मग आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. मुलगी १३ वर्षांची, गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत पोहण्याच्या ८०० मीटर फ्रीस्टाइलला मेडल, दीड वर्षात टायमिंग पाऊण मिनिटानं खाली आलं, आणि आता आठ महिने झाले काटा हलत नाहीये, उलट मागच्या मीटला (म्हणजे स्पर्धेला) चार सेकंद जास्तच लागले. घरात चर्चा चालू आहे की प्रॅक्टिस दोन वेळची करावी, नाहीतर सरळ बंगळुरूला ट्रेनिंगला पाठवावी, कारण अमेरिकन स्विमर केटी लेडेकीनं १५ व्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड मारलं म्हणजे आपल्या हातात दोनच वर्षं उरलीत.

मी २६ वर्षं पूलच्या कडेला उभा आहे, आणि असा प्रश्न घेऊन दर सीझनला कुणीतरी येतंच. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी ते 'दोनच वर्षं' डोक्यातून काढा. तुम्ही उदाहरण लेडेकीचंच दिलंय तर तिचंच बघू, कारण तिची गोष्ट लोकांना अर्धीच माहीत असते. लंडन ऑलिंपिक, ऑगस्ट २०१२, ८०० फ्रीस्टाइलची फायनल. वय १५, अमेरिकेच्या अख्ख्या ऑलिंपिक टीममध्ये सगळ्यात लहान. शेजारच्या लेनमधल्या बायका तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यात ब्रिटनची रेबेका अ‍ॅडलिंग्टन, आधीच्या ऑलिंपिकची चॅम्पियन, घरचा पूल, सगळं स्टेडियम तिच्या नावानं ओरडतंय. लेडेकी पहिल्यापासून पुढे निघाली आणि बराच वेळ वर्ल्ड रेकॉर्डच्या पेसच्या पुढेच चालली होती, शेवटी ८:१४.६३ ला (८ मिनिटं १४.६३ सेकंद) भिंतीला हात लावला, दुसरी आली ती चार सेकंदांहून जास्त मागे. जॅनेट इव्हान्सचा १९८९ पासूनचा अमेरिकन रेकॉर्ड त्यात मोडला. हे सगळ्यांनी पाहिलं.

आता न पाहिलेलं. त्याच वर्षी ओमाहाला ऑलिंपिक टीम निवडायच्या अमेरिकन ट्रायल्स झाल्या तेव्हा ४०० फ्रीस्टाइलमध्ये ती तिसरी आली होती. तिसरी म्हणजे टीमबाहेर, दोघीच जातात. ८०० मध्ये तिनं ८:१९.७८ काढून जागा मिळवली, म्हणजे ट्रायल्स ते लंडन पाच सेकंद कमी झाले. आणि त्याच्या मागे नऊ वर्षांचं पोहणं होतं, सहाव्या वर्षी मोठ्या भावाबरोबर घराजवळच्या समर क्लबला जायला लागली तिथपासूनचं. आई कॉलेजात स्पर्धात्मक पोहलेली, म्हणजे घरात कुणाला तरी माहीत होतं की एक वाईट मीट म्हणजे आभाळ कोसळत नाही. ती 'अचानक वर आली' असं आपल्याला वाटतं कारण आपण टीव्ही त्या दिवशी लावला.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते पुढचं. लंडन ते रिओ चार वर्षांत तिनं ८०० मधले जवळजवळ दहा सेकंद कमी केले, २०१६ ला ८:०४.७९, वर्ल्ड रेकॉर्ड, वय १९. त्यानंतर तो आकडा थांबला. एक सीझन नाही, दोन नाही. मे २०२५ मध्ये फोर्ट लॉडरडेलला तिनं ८:०४.१२ काढलं तोपर्यंत पावणेनऊ वर्षं गेली होती, वय २८ झालं होतं. पावणेनऊ वर्षांत ०.६७ सेकंद! मधल्या काळात टोकियोचं आणि पॅरिसचं ८०० चं गोल्ड तिनंच जिंकलं, पण स्वतःच्या बेस्ट टाइमच्या मागेच पोहत होती, पॅरिसला तर ८:११.०४. म्हणजे जिच्यासारखी लांब पल्ल्याची स्विमर दुसरी झाली नाही, ती रोज पहाटे उठून पाण्यात उतरत होती आणि स्वतःचा आकडा तिला पावणेनऊ वर्षं सापडत नव्हता. तुमच्या लेकीचे आठ महिने याच्या शेजारी ठेवून बघा.

हा आकडा मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगतो, मुलांना आणि आईबापांना दोघांनाही एकत्र बसवून.

आता तुमच्या मुलीचं का अडकलं असेल. मी तिला पाण्यात पाहिलेलं नाही, पण १३ व्या वर्षाची मुलगी आणि दीड वर्षात पाऊण मिनिट कमी, एवढ्यावरून काही गोष्टी सांगता येतात. त्या पाऊण मिनिटातला बराचसा भाग उंचीचा होता. मुलींची उंची साधारण ११ ते १३ मध्ये झपाट्यानं वाढते, हात लांब होतात, पंजा मोठा होतो, तेवढ्यानंच टायमिंग खाली येतं आणि सगळ्यांना वाटतं कोच भारी आहे (मला पण लोकांनी तसं म्हटलंय, तेव्हा मी खूश व्हायचो, आता होत नाही). मग उंची थांबते, शरीर बदलतं, कंबर रुंद होते, पाण्यात शरीर तरंगण्याची पातळी बदलते, पाय जरासे खाली जातात, आणि कालपर्यंत जो स्ट्रोक तिला जमत होता तो आज नवीन शरीरावर बसत नाही. पोरगी तेवढंच करतेय, तेवढीच मेहनत घेतेय, पण काटा पुढे. तिला आळशी म्हणू नका. घरात कुणी म्हणत असेल तर त्यांनाही सांगा.

हे डोळ्यानं कसं दिसतं ते सांगतो. पूलच्या कडेला तिच्या बाजूनं चालत राहा आणि फक्त कोपर बघा, बाकी काही बघू नका. हात पाण्यात शिरला, पुढे लांब झाला, आणि मग पाणी पकडायच्या वेळी कोपर वर राहून पंजा आणि मनगट खाली वळतंय, का कोपरच आधी खाली पडतंय? कोपर खाली पडलं की पंजा पाणी मागे ढकलत नाही, खाली दाबतो, आणि खाली दाबलेल्या पाण्यानं माणूस पुढे जात नाही. लांब झालेल्या हाताला ते कोपर वर धरून ठेवायला खांद्याच्या मागचे स्नायू लागतात, आणि १३ व्या वर्षी हाडं वाढलेली असतात पण ते स्नायू अजून आलेले नसतात. पहिल्या २०० मीटरला ठीक दिसेल, ५०० नंतर बघा. माझ्याकडे एक मुलगी होती, तिचे ५० मीटरला सुरुवातीला ४४ स्ट्रोक आणि शेवटी ५३, आणि सगळे म्हणत होते हिचा स्टॅमिना कमी आहे. स्टॅमिना चांगला होता हो, हात घसरत होता. आम्ही चार महिने टायमिंग लिहिणंच बंद केलं, फक्त स्ट्रोक मोजले. १०० मीटरचे आठ रिपीट, पहिल्या रिपीटला जेवढे स्ट्रोक तेवढेच आठव्याला आले पाहिजेत, वाढले तर स्पीड कमी करायचा पण मोजणी सोडायची नाही. सुरुवातीला ती रडली कारण तिच्यापेक्षा लहान मुली लेनमध्ये पुढे जायला लागल्या. सहाव्या महिन्यात टायमिंग आपोआप खाली आलं.

दुसरी गोष्ट, साधी आहे पण खूप जण विसरतात. आधीचे टायमिंग कुठल्या पूलमधले आहेत? २५ मीटरच्या पूलमध्ये ८०० ला ३१ टर्न येतात, ५० मीटरच्या पूलमध्ये १५. प्रत्येक टर्नला भिंतीवरून ढकलून फुकटचा स्पीड मिळतो. आपल्याकडे बरीच मुलं क्लबच्या २५ मीटर पूलमध्ये वाढतात आणि मग स्पर्धेला बालेवाडीसारख्या ५० मीटर पूलमध्ये उतरतात आणि घरचे म्हणतात टायमिंग बिघडलं. दोन्ही आकडे एका वहीत एकाखाली एक लिहू नका, वेगळी पानं करा. कधीकधी निम्मी काळजी तिथेच संपते.

तिसरं, आणि यावर बाबालोकांनी पण लाजू नये. पाळी सुरू झालीय का, नियमित आहे का, मध्येच थांबलीय का. खूप ट्रेनिंग आणि कमी खाणं असलं की पाळी थांबते आणि काही ठिकाणी त्याला 'चांगलं ट्रेनिंग लागलं' असं समजतात, ते साफ चुकीचं आहे. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, मीट नंतर. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आपल्या मुलींमध्ये लोह कमी असणं इतकं कॉमन आहे की 'पोरगी हल्ली शेवटच्या २०० ला मरते' हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, दुकानातून आणून नाही. आणि खाणं. पहाटे साडेपाचला पाण्यात उतरणारी मुलगी अर्धा कप दूध पिऊन येते, साडेसातला बाहेर येते, रिक्षात युनिफॉर्म घालते आणि मधल्या सुट्टीत साडेदहाला डबा उघडते. तीन तास शरीराला काहीच नाही. पूलवरून निघतानाच हातात काहीतरी पाहिजे, केळं, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चिक्की, कालची पोळी आणि गूळ, काहीही, पण तिथेच, रिक्षात बसायच्या आधी. पावडरचे डबे विकत घ्यायच्या आधी हे करा.

आता दोन वेळच्या प्रॅक्टिसचं. मी विरोधात नाही, १५-१६ ला लांब पल्ल्याच्या मुलीला आठवड्यातून काही दिवस दोन वेळ पाण्यात जावंच लागेल, त्याशिवाय ८०० होत नाही. पण आत्ता, स्ट्रोक घसरत असताना, पाणी दुप्पट केलं तर चुकीचा स्ट्रोक दुप्पट पक्का होईल आणि खांदा जाईल. एका ८०० मध्ये हात किती वेळा फिरतो मोजा, सात-आठशे वेळा सहज, आणि प्रॅक्टिसला रोज चार-पाच किलोमीटर. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय असं ती म्हणाली की पॅडल (पंजाला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) लगेच बंद, 'जरा सहन कर' नाही. माझं मत विचाराल तर आत्ता पाण्याची सेशन्स आहेत तेवढीच ठेवा, आठवड्याला दोन-तीन वेळा अर्धा तास जमिनीवरचं काम वाढवा, रबर बँड, प्लँक, खांद्याचे व्यायाम, दोरीच्या उड्या. आणि फक्त ८०० नको. २०० मेडली (चारही स्ट्रोक एकाच रेसमध्ये), २०० बॅकस्ट्रोक, २०० फ्लाय म्हणजे बटरफ्लाय, सगळं पोहू दे. बघा ना, मायकल फेल्प्स १५ व्या वर्षी सिडनीला गेला तेव्हा २०० बटरफ्लायमध्ये पाचवा आला, एकही मेडल नाही. सहा-सात महिन्यांत त्याच रेसचा वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्या नावावर होता, आणि पुढे तो किती प्रकारच्या रेस जिंकला ते सगळ्यांना माहीतच आहे. कॅनडाची समर मॅकिंटॉश टोकियोला १४ वर्षांची होती, ४०० फ्रीस्टाइलला चौथी, आणि तीन वर्षांनी पॅरिसला तीन गोल्ड घेतली ती २०० फ्लाय आणि दोन्ही मेडलीत! १४ व्या वर्षी तिला 'ही ४०० फ्रीची' म्हणून बांधून ठेवलं असतं तर ही तीनही गेली असती.

हो, आणि कुणीतरी तुम्हाला २०२५ च्या सिंगापूर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधल्या चीनच्या यू झिडीचं उदाहरण देईल, १२ व्या वर्षी २०० मेडलीत चौथी, मेडल ०.०६ सेकंदानं हुकलं. खरंय, मीही तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो. पण अशी एखादीच असते, तिच्यावरून आपल्या पोरीचं कॅलेंडर आखायचं नसतं.

बंगळुरू. याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे घ्या. मुलगा गुणी, पण वरच्या लेव्हलचं ट्रेनिंग पाहिजे तर घर सोडावं लागलं, बंगळुरूला निहार अमीन सरांकडे गेला, आणि १६ व्या वर्षी २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० फ्रीस्टाइल पोहला. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये ५० बटरफ्लायला ब्राँझ. खजान सिंग यांच्या १९८६ च्या सिल्व्हरनंतर भारताला एशियाडमध्ये स्विमिंगचं मेडल मिळायला २४ वर्षं लागली होती, तो दुष्काळ या कोल्हापूरच्या पोरानं संपवला. मला तो दिवस आठवतो, आमच्या पूलवर त्या दिवशी पोरांनी वॉर्मअपलाच ५० फ्लाय मारायला सुरुवात केली, कुणी ऐकेचना.

म्हणजे त्याला घर सोडून फायदा झाला. पण लोक वीरधवलची गोष्ट २०१० ला संपवतात, आणि मला तर त्यापुढचीच जास्त प्रिय आहे. मध्ये नोकरी आली, तहसीलदार झाला, पाण्यापासून लांब गेला. सगळ्यांनी धरलं की संपलं. आणि २०१८ ला जकार्ताला एशियन गेम्समध्ये ५० फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) २२.४३ सेकंद, नॅशनल रेकॉर्ड, वय जवळजवळ २७. फायनलला २२.४७, आणि ब्राँझ गेलं २२.४६ ला. एक शतांश सेकंद, नख वाढवलं असतं तरी चाललं असतं असं आम्ही त्या रात्री म्हणत होतो आणि कुणालाच जेवण गेलं नाही. २०२३ ला गोव्याच्या नॅशनल गेम्समध्ये ५० फ्रीचं गोल्ड घेऊनच तो थांबला, ३२ व्या वर्षी, आणि त्याची बायको ऋजुता हिनंही मुलींमध्ये त्याच रेसचं गोल्ड घेतलं. मग सांगा, १६ व्या वर्षी ऑलिंपिकला गेलेल्या मुलाचा सगळ्यात वेगवान ५० कुठल्या वयात आला?

दुसऱ्या बाजूला लेडेकी. ती रिओला चार गोल्ड जिंकेपर्यंत आईवडिलांच्या घरीच राहत होती, बेथेस्डाला, तिथल्याच शाळेत शिकली. लंडनच्या वेळचे कोच युरी सुगियामा नंतर दुसरीकडे गेले, ब्रूस गेमेल आले, पण घर तेच, रात्रीचं जेवण आईबापाबरोबर. म्हणून मी म्हणतो की प्रश्न शहराचा नाही. वर्षभर चालणारा ५० मीटरचा पूल, तिच्याच लेव्हलच्या तीन-चार मुली लेनमध्ये, आणि तिचा स्ट्रोक रोज बघणारा एक माणूस, या तीन गोष्टी तुमच्या शहरात तासाभराच्या अंतरात मिळत असतील तर १३ व्या वर्षी हॉस्टेलला पाठवू नका. मिळत नसतील तर १५ ला पुन्हा विचार करा, आणि तेव्हा शक्य असेल तर घरातलं कुणीतरी बरोबर जा. टायमिंग अडकलंय म्हणून पाठवायचं, हे कारण मात्र सगळ्यात वाईट. नवीन जागा, नवीन कोच, आई नाही, आणि शरीर अजून बदलतंच आहे, मग जे अडकलंय त्याचं खापर पोरगी स्वतःवर फोडते.

एक चूक माझी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा होता, ११ व्या वर्षी मिसरूड फुटायची चिन्हं, बाकीच्यांपेक्षा डोकं-दीड डोकं उंच. त्याच्या वयोगटात तो सगळं जिंकायचा आणि मी त्याला एका मीटला सात-सात इव्हेंटला उतरवायचो, क्लबला पॉइंट मिळायचे. १४-१५ ला बाकीची पोरं वाढली आणि त्याच्या बरोबरीला आली. त्याला हरायची सवयच नव्हती, मी लावलीच नव्हती. दहावीचं निमित्त झालं आणि पोरगा पूलवर यायचा थांबला, परीक्षा झाल्यावरही आला नाही. त्याच्या हातात ताकद होती, पाण्याची जाण होती, १८-१९ ला तो काय पोहला असता हे मी अजून मनात मोजतो. तेव्हापासून १३ वर्षांखालच्या मुलाला मी एका मीटला तीनच्या वर वैयक्तिक इव्हेंट देत नाही, पालक कितीही भांडले तरी.

दहावीचं आत्ताच मनात ठरवून ठेवा. आपल्याकडे जेवढी मुलं पाणी सोडतात त्यातली बहुतेक त्या एका वर्षात सोडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी बंद नको, कमी करा, आठवड्याला तीन दिवस, तासभर, पण अंगाला पाणी लागत राहू दे. पूर्ण सोडलं की पाण्याची पकड जाते आणि ती परत यायला फार वेळ लागतो.

आणि एक गोष्ट तुम्हाला, ताई, अगदी मनापासून. रेस संपल्यावर मुलगी आधी कुठे बघते? बोर्डाकडे बघते का गॅलरीत तुमच्याकडे? माझ्या अनुभवात जी मुलं भिंतीला हात लावल्या लावल्या आईबापाचा चेहरा शोधतात ती पुढच्या मीटला आखडून पोहतात. पुढच्या वेळी स्टॉपवॉच घरी ठेवून या. टायमिंग कोच लिहून ठेवतोच. तुम्ही टॉवेल आणि डबा घेऊन खाली उभ्या राहा, आणि पहिला प्रश्न 'किती आलं?' हा नको, ती आपणहून सांगेल.

आता मला एवढं पाठवा : गेल्या तीन मीटच्या ८०० चे दर ५० मीटरचे स्प्लिट (म्हणजे प्रत्येक ५० ला लागलेला वेळ), पूल २५ चा होता का ५० चा ते, तिची उंची गेल्या दोन वर्षांत दर चार-सहा महिन्यांनी किती होती (शाळेच्या रिपोर्टवर सापडेल), आणि दोन व्हिडिओ, एक पहिल्या १०० चा, एक ६०० ते ७०० मधला, बाजूनं, तिच्या बरोबर चालत काढलेला, झूम न करता. कोपर दिसलं पाहिजे. रक्ताचा रिपोर्ट मला नको, तो डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत या आठवड्यात फक्त ते १०० चे आठ रिपीट करायला सांगा, स्ट्रोक मोजून, आणि आठही आकडे ती स्वतःच्या हातानं वहीत लिहू दे.